यंत्राला किती दिसावे?

गेल्या वर्षी आईला घेऊन विमानाने जाण्याचा योग आला. आईच्या दोन्ही गुडघ्यांत धातूचे सांधे बसवलेले आहेत. सुरक्षा तपासणीच्या चौकटीतून ती गेली आणि चौकट अपेक्षेप्रमाणे वाजली. मग हातातले यंत्र फिरवले, तेही गुडघ्यांपाशी वाजले. शस्त्रक्रियेचा कागद पर्समध्ये होता, पण पर्स पट्ट्यावरून पुढे गेलेली. शेवटी तिला पडद्यामागे जावे लागले. तपासणाऱ्या मुलीने सगळे अदबीने केले. तरीही जन्मभर नऊवारीत वावरलेली माझी आई बाहेर आली ती गप्पच. विमानात बसल्यावर म्हणाली, "लोखंड आहे एवढं त्या यंत्राला कळतं, मग ते गुडघ्याच्या आत आहे हे का कळत नाही?"

लोखंड नव्हे, टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, असे मी सांगणार होतो. पण प्रश्न त्यापेक्षा चांगला होता. यंत्राला काय कळते, काय कळत नाही, आणि जे कळते ते सगळे त्याला कळू द्यावे का? दहशतवादाची भीती खरी आहे आणि पडद्यामागे जाण्याचा संकोचही खरा आहे. या दोहोंमधला हिशेब बहुतेक वेळा भावनेच्या भरात मांडला जातो. त्यातला बराचसा भाग शाळेतल्या भौतिकशास्त्राने आणि गणिताने सोडवता येतो, म्हणून हा लेख.

चौकटीपासून सुरुवात करू. दहावीला आपण फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो, तेच येथे आहे. चौकटीच्या खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून विद्युतधारेचे छोटे छोटे स्पंद सोडतात. प्रत्येक स्पंदाबरोबर चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि लगेच ओसरते. या बदलत्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला, की त्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या धारा निर्माण होतात. या धारांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते, त्यामुळे मूळ क्षेत्र ओसरायला किंचित जास्त वेळ लागतो. चौकट हा विलंब मोजते. तो कुठल्या उंचीवर झाला एवढे नव्या चौकटी सांगतात. धातू खिशात आहे की हाडाला जोडलेला, त्याचा आकार चाकूचा आहे की सांध्याचा, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. चौकट तुमच्याबद्दल फार थोडे जाणते, म्हणूनच तिच्यातून जाताना कुणाला लाज वाटत नाही. आणि म्हणूनच ती वाजल्यावर माणसाचा हात लागतो.

ही चौकट आली ती विमान-अपहरणांमुळे. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक अपहरणे व अपहरणाचे प्रयत्न झाले. आपल्याकडे जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले 'गंगा' विमान लाहोरला नेऊन जाळण्यात आले. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेने प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची केली. तोवर माणसे बसमध्ये चढावीत तशी विमानात चढत. १९७२ मध्ये तेथे पंचवीसहून अधिक प्रयत्न झाले होते. १९७३ मध्ये ते जवळजवळ थांबलेच. सगळे श्रेय चौकटीला देऊ नये. त्याच वर्षी अमेरिका व क्यूबा यांच्यात अपहरणकर्त्यांना थारा न देण्याचा समझोता झाला होता. पण पिस्तूल घेऊन चढणे अवघड झाले हे नक्की.

मग अपहरणाची जागा स्फोटकांनी घेतली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. बाँब असलेली बॅग व्हँकूव्हरला चढवली गेली होती, तिचा मालक मात्र विमानात चढलाच नव्हता. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले, म्हणून उरलेल्या बॅगांवर हातात धरायचे हुंगयंत्र फिरवले गेले. त्याने काही पकडले नाही. या घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, आपल्याकडची नागरी विमान सुरक्षेची यंत्रणा स्वतंत्र खाते म्हणून उभी राहिली. पण 'कनिष्क'चा खरा धडा यंत्राचा नव्हता. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही जाऊ द्यायची नाही, हा साधा नियम कसोशीने पाळला असता तर ती बॅग जमिनीवरच राहिली असती. या नियमाला कुणाच्या अंगावरचे काही पाहावे लागत नाही, फक्त दोन याद्या जुळवाव्या लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सामानाच्या यंत्राविषयी थोडक्यात. मेट्रोच्या स्थानकावर तो पडदा तुम्ही पाहिला असेल : नारिंगी, हिरवे, निळे आकार. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडते. हलक्या मूलद्रव्यांत आणि जड मूलद्रव्यांत या दोन ऊर्जांचे शोषण वेगळ्या प्रमाणात होते. त्या गुणोत्तरावरून पदार्थ सेंद्रिय आहे (नारिंगी), धातू आहे (निळा), की मधला (हिरवा), हे ठरते. अडचण अशी, की कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांची बनलेली स्फोटके नारिंगीच दिसतात, आणि साबण, खजूर व डिंकाचे लाडूही नारिंगीच दिसतात. लाडवांचा डबा उघडायला सांगितला तर रागावू नका; पडद्यावर तो खरोखरच संशयास्पद दिसतो.

कपड्यांच्या आत

२५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यात धातू नव्हता, चौकट वाजली नव्हती. स्फोटक नीट पेटले नाही आणि सहप्रवाशांनी त्याला पकडले. त्यानंतर अमेरिकेत संपूर्ण शरीर तपासणारी यंत्रे झपाट्याने बसू लागली. ती दोन जातींची होती. त्यांतला फरक शिक्षकांनी नीट समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट 'बॉडी स्कॅनर' म्हणत आली आहेत.

पहिली जात क्ष-किरणांची. दवाखान्यातले क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे चित्र उमटते. येथे मात्र अतिशय मंद किरणांची बारीक शलाका अंगावरून फिरवतात आणि उलट उसळून परत येणारे किरण मोजतात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजनसारखी हलकी मूलद्रव्ये किरण जास्त उसळवतात, धातू ते शोषून घेतात. त्यामुळे त्वचा उजळ दिसते, पिस्तूल काळे दिसते आणि कपडे जवळजवळ दिसतच नाहीत. चित्र पाहणाऱ्याला माणूस विवस्त्र दिसतो, खडूने काढलेल्या आकृतीसारखा, पण विवस्त्रच.

एका तपासणीत मिळणारी मात्रा सुमारे ०.१ मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहून कमी. विमान उंचावर असताना विश्वकिरणांमुळे तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते. म्हणजे ही तपासणी आकाशातल्या दोनेक मिनिटांइतकी झाली. छातीचा क्ष-किरण फोटो तिच्या सुमारे हजारपट भरतो. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना गुणोत्तरे काढायला लावा, 'रेडिएशन' शब्दाची निम्मी भीती तेथेच जाते. तरीही कॅलिफोर्निया विद्यापीठातील काही शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांना पत्र लिहून शंका उपस्थित केली होती. ही ऊर्जा सगळ्या शरीरात पसरत नाही, मुख्यतः त्वचेत व तिच्याखालच्या थरात उतरते. तेव्हा संपूर्ण शरीराची सरासरी काढणे योग्य आहे काय? आणि एका माणसाचा धोका नगण्य असला तरी कोट्यवधी माणसांवर तो लादताना कुणी स्वतंत्रपणे मोजून पाहिला आहे काय? प्रश्न रास्त होते. युरोपीय संघाने २०११ मध्ये विमानतळांसाठी शरीर तपासणीचे नियम केले तेव्हा क्ष-किरण यंत्रे वगळली.

दुसरी जात मिलिमीटर तरंगांची. आजची यंत्रे बहुतेक हीच. यात २४ ते ३० गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरी वापरतात. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागा, तरंगलांबी सुमारे एक सेंटिमीटर येते. अशा लहरींना कापूस, लोकर व नायलॉन पारदर्शक असतात. पण त्वचेत पाणी असल्याने तेथून त्या परत फिरतात. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.०००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अणूपासून इलेक्ट्रॉन सुटा करायला दहाएक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे लाखपट. क्ष-किरणांचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. या लहरी त्वचेच्या आत जात नाहीत. म्हणून गुडघ्यातला सांधा यंत्राला दिसतच नाही, आणि गुडघ्यावर बाहेरून काही बांधलेले नाही हे मात्र दिसते. 'आत आहे' हे यंत्राला कळत नाही. 'बाहेर नाही' हे कळते, आणि तपासणीला तेवढे पुरते. कृत्रिम पाय लावणाऱ्यांची अडचण मात्र यातून सुटत नाही, कारण तो त्वचेबाहेर असतो. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, याबद्दल जाहीरपणे वेदना मांडली होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने तेव्हा दिलगिरी व्यक्त केली.

चित्र कोणी पाहायचे?

२०१० साली अमेरिकेत या यंत्रांवरून मोठे वादळ उठले. सरकारी खात्याचे म्हणणे असे, की चित्र दुसऱ्या खोलीतला कर्मचारी पाहतो, त्याला प्रवासी दिसत नाही आणि चित्र साठवले जात नाही. पण माहिती अधिकारासारख्या तेथील कायद्याखाली कागदपत्रे बाहेर आली तेव्हा कळले, की चित्र साठवण्याची व पाठवण्याची क्षमता यंत्रात असावी असे खरेदीच्या अटींतच लिहिले होते. ती फक्त चाचणीसाठी आहे असा खुलासा झाला. त्याच वर्षी फ्लोरिडातील एका न्यायालयाच्या दारावरच्या अशाच यंत्रात सुमारे ३५,००० चित्रे साठल्याचे उघड झाले. विमानतळ वेगळा, न्यायालय वेगळे, हे खरे. पण 'साठवत नाही' आणि 'साठवू शकत नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे हे त्यातून दिसले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट हीच. खात्री माणसाच्या शब्दावर अवलंबून असेल तर ती बदलता येते. यंत्राच्या रचनेतच असेल तर बदलणे अवघड जाते.

जुलै २०११ मध्ये तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला, की यंत्रे घटनाविरोधी नाहीत, पण लोकांची मते न मागवता ती बसवली ही चूक झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कायदा झाला, की यंत्राने खऱ्या शरीराचे चित्र दाखवू नये. आज्ञावलीने स्वतःच संशयित जागा शोधावी आणि सर्वांसाठी एकच असलेल्या बाहुलीवजा आकृतीवर तेथे चौकोन दाखवावा. मिलिमीटर यंत्रांना हे जमले. क्ष-किरण यंत्रांच्या उत्पादकाला मुदतीत जमले नाही, म्हणून सुमारे अडीचशे यंत्रे मे २०१३ अखेर काढून टाकली गेली. भारतात २०१९ मध्ये अशी यंत्रे बसवण्याचे आदेश निघाले, तेव्हाही बाहुलीचीच आकृती आणि चित्र न साठवणे या अटी होत्या.

सुरक्षा आणि खासगीपणा म्हणजे तराजूची दोन पारडी, एक वर गेले की दुसरे खाली, असे आपण गृहीत धरतो. येथे तसे झाले नाही. सुरक्षारक्षकाला जो प्रश्न पडलेला असतो तो 'कुठे हात लावून पाहू?' एवढाच. त्याच्या उत्तराला एक चौकोन पुरतो. विवस्त्र चित्र ही जादा माहिती होती. ती गेली आणि सुरक्षेचे काही बिघडले नाही.

अर्थात बाहुली दाखवणारे यंत्र चुकतेही. हॅम्बुर्ग विमानतळावर २०१०-११ मध्ये चाचणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या वेळा इशारा खोटा निघाला; कपड्यांच्या घड्या आणि घाम यांनी यंत्राला चकवले. नऊवारीच्या ओच्याने काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. उलट बाजूच्या चुकाही आहेत. काही संशोधकांनी जुने क्ष-किरण यंत्र ऑनलाइन बाजारातून विकत घेऊन २०१४ मध्ये दाखवून दिले, की जाणकार माणूस त्यातून शस्त्र नेऊ शकतो. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्याच छुप्या परीक्षकांनी विमानतळांवर ७० प्रयत्न केले, त्यांतले ६७ यशस्वी झाल्याचे वृत्त बाहेर आले. ते केवळ यंत्रांचे अपयश नव्हते, माणसांचेही होते.

दुर्मीळ गोष्टीचे गणित

आता गणित. २०२४ मध्ये भारतात देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवास झाले. समजा, त्यांत वाईट हेतूने आलेली माणसे १६ आहेत. हा आकडा मी केवळ सोयीसाठी धरला आहे. आणि समजा आपले यंत्र फार उत्तम आहे : शंभर दोषींपैकी ९९ पकडते आणि शंभर निर्दोषांपैकी फक्त एकावर चुकून वाजते. वर्षात ते किती वेळा वाजेल?

निर्दोषांवर : १६ कोटींचा एक टक्का, म्हणजे १६ लाख वेळा. दोषींवर : जवळजवळ १६ वेळा. यंत्र वाजले तर समोरचा खरोखर दोषी असण्याची शक्यता लाखात एक. '९९ टक्के अचूक' यंत्राची ही गत. मुलांना आधी अंदाज सांगायला लावा. बहुतेक जण ९९ टक्के म्हणतील, शिक्षकांच्या खोलीतही म्हणतील.

एवढे पाहून काही जण म्हणतात, मग यंत्रे निरुपयोगी. हे मला पटत नाही. यंत्र वाजण्याची शिक्षा काय आहे ते पाहिले पाहिजे. रोज देशभर चार-साडेचार हजार माणसांची मिनिटभर जादा तपासणी होणार असेल, ती सभ्यपणे होणार असेल, आणि पकडले जाऊ या धाकाने दोषी येणारच नसेल, तर हा सौदा वाईट नाही. पण हेच गणित संशयितांच्या यादीला लावा. चेहऱ्यावरून, नावावरून किंवा प्रवासाच्या नोंदींवरून संगणक एखाद्याला 'धोकादायक' ठरवतो. येथे खोट्या इशाऱ्याची किंमत मिनिटभराची नसते. चुकलेले विमान, तासन्तास चौकशी, आणि आपले नाव यादीत का आहे हे कुणीच न सांगणे, अशी असते. शिवाय ती किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ठरावीक नावांच्या व ठरावीक दिसण्याच्या माणसांवर ती पुन्हा पुन्हा पडते. लाखात एकची शक्यता पुढच्या दोन मिनिटांत तपासून निकालात निघत असेल तर चालते. तीच वर्षानुवर्षे माणसाला चिकटणार असेल तर चालत नाही.

दुर्मीळपणाचा दुसरा परिणाम माणसाच्या डोळ्यांवर होतो. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये वुल्फ व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रांत लपलेली वस्तू शोधायची होती. निम्म्या चित्रांत ती होती तेव्हा लोकांनी सुमारे ७ टक्के वेळा ती हुकवली. शंभरात एकाच चित्रात होती तेव्हा ३० टक्के वेळा. डोळे तेच, वस्तू तीच, पण 'नसेलच' ही सवय लागते. म्हणून सामानाच्या यंत्रात मधूनमधून पिस्तुलाचे खोटे चित्र मिसळतात, पाहणारा जागा राहावा म्हणून. वर्गात करून पहा. पन्नास कार्डांवर 'ब' ही अक्षरे दाट लिहा. एका गठ्ठ्यात निम्म्या कार्डांवर एक 'व' लपवा, दुसऱ्या गठ्ठ्यात फक्त दोनच कार्डांवर. दर कार्डाला दोन सेकंद द्या आणि हुकलेले मोजा. पेपर तपासणाऱ्यांनी स्वतःवरही करून पाहायला हरकत नाही.

आता 'कनिष्क'पाशी सांगितलेल्या मुद्द्याकडे. ११ सप्टेंबर २००१ नंतर शेकडो उपाय झाले. त्यांतला मोठ्या परिणामाचा एक उपाय म्हणजे वैमानिकाच्या कक्षाचे मजबूत, आतून बंद राहणारे दार. त्या दाराला कुणाचे नाव माहीत नसते. २००९ च्या तरुणाबद्दल तर त्याच्या वडिलांनीच महिनाभर आधी नायजेरियातील अमेरिकी वकिलातीला सावध केले होते. त्याचे नाव लाखो नावांच्या सरकारी साठ्यात होतेही, पण कुणी धागा जोडला नाही. माहिती कमी पडली नव्हती, ढिगात हरवली होती.

आपल्याकडे सध्या प्रश्न शरीराचा कमी आणि चेहऱ्याचा जास्त आहे. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू व वाराणसी येथे 'डिजीयात्रा' सुरू झाली, नंतर पुणे, मुंबई व इतर ठिकाणी आली. कॅमेरा चेहऱ्यावरून मोजमापांचा एक आकड्यांचा संच बनवतो आणि तो तुमच्या ओळखपत्राशी जुळला की दार उघडते. चेहऱ्याची माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच राहते, विमानतळाकडे गेलेली प्रत विमान सुटल्यावर २४ तासांत पुसली जाते आणि सहभाग ऐच्छिक आहे, असे सांगितले जाते. प्रवेशद्वाराशी नीट न विचारता फोटो घेऊन नोंदणी केल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. रांग लहान होते हा फायदा खरा आहे. पण हे सुरक्षेचे यंत्र नव्हे, सोयीचे आहे. तुम्ही कोण हे ते सांगते, तुमच्याजवळ काय आहे हे सांगत नाही. आणि ११ सप्टेंबरचे बहुतेक अपहरणकर्ते स्वतःच्याच नावाने विमानात बसले होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो मर्यादित करायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे सांगितले. नववी-दहावीच्या मुलांना हे तीन निकष द्या, आणि चौकट, बाहुलीचे यंत्र, सामानाची यादी, दाराची कडी व चेहरा ओळखणारा कॅमेरा हे पाच उपाय द्या. प्रत्येकाला नेमकी कोणती माहिती लागते आणि काम झाल्यावर ती कुठे राहते, एवढेच लिहायला सांगा. माझ्या भाच्याच्या गटाने 'ती कुठे राहते' या रकान्यात कॅमेऱ्यापुढे 'विचारावे लागेल' असे लिहिले होते.

परतीच्या प्रवासात आईने शस्त्रक्रियेचा कागद कमरेला खोचून ठेवला. चौकट वाजली, तिने कागद पुढे केला. तपासणाऱ्या बाईंनी तो वाचला, आणि तरीही नियमाप्रमाणे तिला पडद्यामागे नेले. या वेळी आई बाहेर आली ती बोलतच. त्या बाईंच्या सासूबाईंनाही गुडघे बदलायचे होते, आणि पुण्यात खर्च किती येतो हे त्यांना हवे होते.